तू आयव्हरी कोस्टचं पाठवलं नाहीस

म्हार्दोळ, फोंडा

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

रॅलीसाठी स्वतःची गाडी हवी म्हणून तू पाठवलेलं सगळं वाचून काढलं. बाबा म्हणतात, मी काही वाचलं नाही. पण त्यांचा चष्मा काल टीव्हीजवळ नव्हता, तुझ्या जुन्या लॅपटॉपच्या झाकणावर होता. काय ते समजून घे.

मिशेल मूटाँ या फ्रेंच रॅलीचालक बाईचं नाव मी याआधी ऐकलं नव्हतं. तू नेमकी तिचीच गोष्ट का निवडलीस, हे दुसऱ्याच परिच्छेदात कळलं. वडील फ्रान्समधल्या ग्रासचे फुलांचे शेतकरी, गुलाब आणि जाई लावणारे. लबाड आहेस! आपल्या मळ्यातल्या कळ्या खुडून हात हिरवे झालेल्या बाईला हे वाचायला दिल्यावर तिचं मन पाघळणार, हे तुला ठाऊक होतं. पाघळलंही. ग्रासमध्ये जाई पहाटे खुडतात म्हणे, उमललेली, कारण तिथे ती अत्तरासाठी जाते. किलोभर भरायला आठेक हजार फुलं लागतात. आपण दुपारी कळी खुडतो, कारण ती देवीपुढे किंवा कुणाच्या अंबाड्यात पोहोचल्यावर उमलायला हवी. पण कंबर तिथेही तशीच मोडत असणार, आणि किलोमागचा हिशेब तिथल्या बापानेही तसाच मांडला असणार. त्या हिशेबातून त्याने मुलीला गाडी घेऊन दिली. तुझा सगळा युक्तिवाद हाच आहे, हो ना?

मग मी तू न पाठवलेलंही शोधून वाचलं. म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी बापाचं बोलू. मिशेल कायद्याचं शिक्षण सोडून रॅलीत आली ती शेजारच्या सीटवर बसून, नोट्स वाचायला. तू आज जे करतेस तेच. १९७३च्या माँटे कार्लो रॅलीत, म्हणजे जागतिक अजिंक्यपद ज्या रॅलीपासून सुरू झालं तिच्यातच, ती अशी बसली होती. वडिलांना ते रुचेना. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन बसण्यापेक्षा स्वतः चालव, म्हणाले. मी गाडी घेऊन देतो, एक वर्ष देतो, काय ते दाखव. आणि अल्पाइन ए-११० ही गाडी घेऊन दिली. तुझ्या मेसेजमध्ये या जागी तीन उद्गारचिन्हं आहेत. मला मात्र यात लाड दिसले नाहीत. सरळ व्यवहार दिसला. गाडी माझी, मेहनत तुझी, मुदत एक वर्ष. ‘बघू पुढे’ म्हणत मुलांना झुलवत ठेवणारे आईबाप आपल्या वाड्यावर पुष्कळ आहेत. ‘नाही’ म्हणायची हिंमत नाही, ‘हो’ म्हणायची ऐपत नाही. त्यांच्यापेक्षा हा माणूस बरा.

१९७४ला कॉर्सिकाच्या रॅलीत ती बारावी आली, तर गाडीत काहीतरी खास इंजिन बसवलंय अशी कुजबुज झाली आणि तिचं इंजिन तपासलं गेलं. यावर मी चिडले नाही, उलट हसू आलं. तू फार्मागुडीच्या चढावर पिकअप नीट चढवलीस तेव्हा मागच्या रिक्षावाल्याने ‘बाबा बसलेत का शेजारी?’ म्हणून वाकून बघितलं होतं. पुढचं भराभर सांगते, तुला पाठच आहे: १९७५ला ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दोन लिटर गटात पहिली, मग फियाटने संघात घेतली, १९७८ला टूर द फ्रान्स (सायकलची नव्हे, मोटारींची) जिंकली, आणि मग आउडीने बोलावलं.

इथे मला एक गोष्ट दिसली, ती तू लिहिली नाहीस. बापाची गाडी पहिलीच. पुढच्या सगळ्या गाड्या दुसऱ्यांनी दिल्या. फियाटने दिली, आउडीने दिली, पूजोने दिली. हे लक्षात ठेव, शेवटी त्यावर येते.

आउडीच्या त्या क्वाट्रो गाडीचं तू समजावून सांगितलेलं बाबांना माझ्याआधी कळलं. चारही चाकांना सतत ओढ, म्हणून खडीवर, चिखलात, बर्फात दोन चाकांची गाडी जिथे जागच्या जागी चाक फिरवत बसते तिथे ही पुढे निघते. सावईवेऱ्याच्या वाटेवर कुळागरातून वर येताना पहिल्या पावसात आपली पिकअप मागून कशी घसरते, ते ते रोज बघतात. मावशीला मात्र अजून पटत नाही, की रॅलीत गाड्या एकमेकींना ठोकत नाहीत, एकेक करून सोडतात आणि घड्याळाशी भांडण असतं. तिला वाटतं तू सर्कशीतल्या मृत्यूगोलात जाणार. मी समजावणं सोडून दिलं आहे.

१९८१ची सान्रेमो मी दोनदा वाचली. जागतिक अजिंक्यपदाची रॅली जिंकणारी पहिली स्त्री, हे तर झालंच. शेवटच्या टप्प्यात आरी वातानेन मागे लागलेला, जो त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. तो पाठलागात आपटला आणि ही टिकली. पण मला गाडीतली दुसरी बाई जास्त आवडली. फाब्रित्सिया पोन्स. गाडी उडतेय, दिव्यापलीकडे काळोख, आणि ही मांडीवरच्या वहीत बघून पुढचं वळण सांगतेय. एक ओळ चुकली तर दोघी दरीत. पेपरात फोटो येतो चालवणारीचा.

तुझी वही सापडली मला, कपाटात शाळेच्या भूगोलाखाली. आधी वाटलं कसले कोड लिहिलेत: ‘राइट फोर, सिक्स्टी, लेफ्ट थ्री टाइटन्स, डोन्ट कट.’ मग खाली कंसात ‘फणस’ दिसलं आणि ट्यूब पेटली. हा आपल्या देवळाकडून सावईवेऱ्याकडे जाणारा रस्ता! पुढे ‘घुमटी’, ‘कुत्रा असतो’, ‘पाट, ओलं’. दुपारी माळा देऊन परतताना मी बाबांच्या शेजारी बसून ती वही मोठ्याने वाचत आले. बाबा तिशीच्या वेगाने चालवत होते, तरी मी दोन वळणं मागे पडले. वाचत असताना डोळे वर करायचे नाहीत आणि पोटात ढवळलं तरी आवाज हलू द्यायचा नाही, हे काम सोपं नाही, बाय. त्या फणसापाशी तू ‘डोन्ट कट’ लिहिलंयस ते बरोबर आहे. आतल्या कडेला मुळाशेजारी जांभ्याचा चिरा वर आलाय, चाक गेलं तर टायर फाटेल. बाबांनी गाडी थांबवून उतरून बघितलं. काही बोलले नाहीत, पण घरी येऊन वही जागेवर ठेवली नाही. स्वतःकडे ठेवली आहे.

आता १९८२. पोर्तुगाल जिंकली, ग्रीसमधली अ‍ॅक्रोपोलिस जिंकली, ब्राझील जिंकली. तुझ्या लिंका इथे संपतात. त्यापुढे तू एकदम लिहितेस, ‘जगात दुसरी आली, आई!’ ती दुसरी कशी आली, हे मी शोधलं.

अजिंक्यपदाची चुरस वाल्टर रोर्ल हा जर्मन चालक आणि तिच्यात होती. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील गेले. कॅन्सर. तोच बाप, जाईवाला. तिला परत फिरायचं होतं, आणि आईने फोनवर सांगितलं, तू सुरू कर, त्यांची तीच इच्छा होती. ती सुरू झाली. चांगली आघाडी घेतली, मग गिअरबॉक्सने दगा दिला, हातची मिनिटं गेली, आणि शेवटी गाडी उलटून रॅली संपली. रोर्ल जिंकला, अजिंक्यपद त्याचं झालं. वर्षाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ती दुसरी आली; गुण १०९ आणि ९७.

हे तू गाळलंस. घाबरेन म्हणून गाळलं असशील. मला मात्र तिच्या सगळ्या चषकांपेक्षा हे कळणं गरजेचं होतं, कारण या गोष्टीत माझ्या वाट्याला जर कुणाचं काम येणार असेल तर त्या आईचं. घरात मयत, आणि फोनवर मुलीला ‘पुढे हो’ म्हणायचं. मला ते जमलं असतं असं सांगून मी तुला फसवणार नाही. मी म्हटलं असतं, ये घरी. तुझे बाबा ठणठणीत आहेत, कालच सुपारीच्या झाडाखाली उभं राहून पाडेल्याशी तासभर भांडले. पण तू या खेळात उतरणार तर असा फोन कधीतरी येऊ शकतो, आणि त्या दिवशी ‘सुरू कर’ हे माझ्याकडून येईल असं धरून चालू नकोस. तुझं तू ठरवायचं.

१९८६चंही वाचलं. पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून बघे मेले. मे महिन्यात कॉर्सिकात चालक हेन्री तोइव्होनेन आणि शेजारी बसलेला सेर्जिओ क्रेस्तो, दोघे जळाले. शेजारी बसलेला, लक्षात घे. टनाच्या आतबाहेर वजन आणि चारशेवर अश्वशक्ती अशा त्या ग्रुप बीच्या गाड्या पुढच्या वर्षापासून बंद केल्या. त्याच वर्षी मिशेल जर्मनीच्या रॅली अजिंक्यपदाची विजेती झाली आणि थांबली. पस्तीस वय. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत पाइक्स पीकचा डोंगर ११ मिनिटं २५.३९ सेकंदांत चढून विक्रम केला होता, म्हणजे हात काही गेले नव्हते. तरी थांबली. तोइव्होनेनच्या स्मरणार्थ १९८८मध्ये रेस ऑफ चॅम्पियन्स ही शर्यत सुरू करण्यात तिचा हात होता. २०१०मध्ये एफआयएच्या, म्हणजे मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, महिलांसाठीच्या आयोगाची अध्यक्ष झाली, पुढे रॅलीच्या सुरक्षेचंही काम बघितलं. जोरात धावणाऱ्या माणसाला कधी उतरायचं हे कळणं मला फार मोठं वाटतं. तुझ्या मेसेजमध्ये त्याला अर्धी ओळ आहे.

आता पैशाचं. बँकेतली ठेव मार्गशीर्षात सुटते. ती मोडायला बाबा तयार नाहीत, सुटल्यावर द्यायला आहेत. असं ते बोलले नाहीत, पण त्यांनी ‘सेकंडहँड गाडीचं इंजिन बघायला म्हापशाला मी येईन’ असं मला सांगितलं, म्हणजे तेच. एक वर्ष, पहिल्या रॅलीच्या दिवसापासून. पुण्याची नोकरी सोडायची नाही. सुट्ट्या कशा जमवायच्या ते तू बघ.

गाडी जुनी चालेल. केज (गाडीच्या आतला तो लोखंडी सांगाडा), सीट, पट्टे, हेल्मेट आणि मान जपणारं ते हॅन्स नवं हवं, आणि आधी हवं. इंजिनाला पैसे उरले नाहीत तर हळू पळव. इथल्या रस्त्यांवर हव्या तेवढ्या नोट्स लिही, पण वेग चाळिसाच्या वर जाता कामा नये. शाळेची मुलं चालतात, बिचारा तो कुत्राही असतो. तुझ्या शेजारी कोण बसणार तिला मला भेटायचं आहे. तिच्या आईलाही.

आणि वर्षाअखेरी मी चषक मोजणार नाही. किती रॅल्या शेवटपर्यंत पूर्ण केल्यास ते विचारीन, आणि दुसऱ्या कुणाला तुला गाडी द्यावीशी वाटली का ते विचारीन. वाटली, तर आमचं काम झालं. नाही वाटली, तर परत शेजारच्या सीटवर बस, वही काढ. त्यात मला काहीही कमीपणा वाटणार नाही, आणि मावशीला काय वाटेल ते वाटो.

देवळातल्या जायांच्या पूजेला ये. माणसं कमी आहेत, माळा खूप लागणार. शनिवारच्या बसचं तिकीट आत्ताच काढ, गणपतीच्या आधी मिळत नाही. केजचं कोटेशन दोन ठिकाणांहून घे आणि मला पाठव, बाबांना नको. त्यांना एकदम आकडा दाखवायचा नसतो. फोन संध्याकाळी दिवेलागणीनंतर कर, दुपारी हात दोऱ्यात असतात.

तुझी,
आई

ता. क. ‘पाट, ओलं’ लिहिलंयस तिथे पंचायतीने आता मोरी घातली आहे. एक उंचवटा झालाय. बाबा म्हणतात, वहीत ‘क्रेस्ट’ लिहायला सांग.