ओशियानोच्या वाळूवरची वाट राखणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

गणपतीत तुमचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं, तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात. काकूंनीही सांगितलं, "घरात आधीच चार शाली पडून आहेत, यांना उगाच अवघडायला होतं." तुमच्या शब्दाबाहेर आम्ही गेलो नाही. पण आभार मानायचे राहून गेले ही रुखरुख काही जाईना, म्हणून चारचौघांसमोर हे पत्र लिहिते आहे. तुम्ही काय केलंत ते इतरांनाही कळू दे. आपली बरीच माणसं ओशियानोला एकदा येऊन फोटो काढून गेली आहेत, पण तिथे कशावरून एवढं रण पेटलं याची त्यांना कल्पना नाही.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनाऱ्यावर, पिस्मो बीचच्या दक्षिणेला, ओशियानो ड्यून्स आहे. या राज्यातल्या सरकारी उद्यानांपैकी गाडी थेट समुद्राच्या वाळूवर उतरवता येते अशी ही एकच जागा. एकूण जमीन सुमारे ३,६०० एकर, त्यातली साधारण १,५०० एकर वाहनांसाठी. इथे लोक शंभर वर्षांहून जास्त काळ गाड्या चालवत आले आहेत. १९८२ साली किनारा आयोगाने, म्हणजे कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनने, या वाहन उद्यानाला परवाना दिला आणि त्या परवान्याच्या अटींवरून पुढची चाळीस वर्षं वाद होत राहिला.

आम्ही इथे पहिल्यांदा आलो ते पैशांचा हिशोब करून. पिस्मोतल्या हॉटेलची एक रात्र म्हणजे आमच्या घरच्या आठवड्याच्या किराणाहून जास्त. इथे मात्र तंबू ठोकून, लाटांपासून हाकेच्या अंतरावर, अगदी थोड्या भाड्यात राहता येत होतं. बेकर्सफील्ड, फ्रेस्नो या बाजूंनी उन्हाने भाजून निघालेली कितीतरी कुटुंबं याच कारणाने येतात: आजी-आजोबा, पोरंटोरं, मागे ट्रेलरवर एखादी जुनी क्वाड, म्हणजे वाळूवर चालणारी चारचाकी मोटरसायकल, डब्यात तीन दिवसांचं जेवण. ड्यून्सवर येणारा म्हणजे मोकाट, दारू पिऊन बेफाम गाडी हाकणारा, असं बाहेर बोललं जातं तेव्हा मला ही कुटुंबं आठवतात आणि राग येतो. बेफाम लोक तिथे आहेतच, अपघात होतात, माणसं दगावली आहेत. तुम्ही ते कधी झाकलं नाहीत. पण शनिवारी संध्याकाळी तिथे चूल पेटवणाऱ्या बहुतेकांना किनारा परवडण्याचा दुसरा मार्ग नाही, हेही तितकंच खरं आहे.

काका, तुमच्याकडून मिळालेली पहिली मदत अगदी साधी होती. तुम्ही आमची ओळखपाळख नसताना थांबलात, गुडघ्यावर बसलात आणि खिशातलं काच तडकलेलं गेज काढून चारही चाकांतली हवा मोजून कमी केलीत. दाब पंधरा-सोळा पीएसआयवर आणलात. रबर पसरून वाळूवर कसं बसतं ते माझ्या मुलाला हात लावून पाहायला लावलंत. मग क्वाडचा झेंडा नीट उभा केलात. टेकडीच्या पलीकडून चढणाऱ्याला आधी झेंडा दिसतो, माणूस नंतर, म्हणून तो उंच हवा, हे त्याला समजावलंत. किनाऱ्यावर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे, ती पोलीस दिसले तरच पाळायची नसते, हेही तेव्हाच सांगितलंत. माझा मुलगा आज नव्याने आलेल्या पोरांना याच शब्दांत दम देतो.

पुढे मार्च २०२० मध्ये कोविडमुळे किनारा वाहनांना बंद झाला तो थेट ऑक्टोबरअखेर थोडा थोडा उघडला. त्या काळात बंदीची मागणी जोर धरत गेली आणि १८ मार्च २०२१ ला आयोगापुढे सुनावणी लागली. आमच्यासारख्या घरांमध्ये तेव्हा नुसता संताप होता. व्हॉट्सअॅपवर काय वाटेल ते फिरत होतं: समुद्रच बंद होणार, कुणालाही पाय ठेवू देणार नाहीत, जमीन बिल्डरांच्या घशात जाणार. तुम्ही आम्हा पाच-सहा घरांना अंगणात लांब लांब खुर्च्या मांडून बसवलंत आणि आयोगाच्या कर्मचाऱ्यांचा अहवाल छापून प्रत्येकाच्या हातात दिलात. पिवळ्या पेनने खुणा केलेल्या होत्या. "आधी हे वाचा. ज्याच्याशी भांडायचं त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा आपल्याला चांगलं मांडता आलं पाहिजे," असं म्हणालात.

वाचल्यावर चित्र वेगळंच दिसलं. समुद्र बंद होणार नव्हता. रस्त्यावर चालणाऱ्या साध्या गाड्यांना आणि कॅम्पिंगला उत्तरेकडे सुमारे मैलभराची पट्टी राहणार होती. पियर अव्हेन्यूचं प्रवेशद्वार मिटणार होतं आणि तीन वर्षांत क्वाड, बग्गी, डर्टबाइक ही सगळी ऑफ-रोड वाहनं ड्यून्सवरून कायमची जाणार होती. आमचं गाऱ्हाणं यातल्या कुठल्या कलमाशी आहे, हे प्रत्येकाकडून तुम्ही काढून घेतलंत. आईला किनाऱ्यावर नेता येणार नाही, असं म्हणायला मी गेले असते तर ते खोटं ठरलं असतं. आमच्या घरासाठी खरं काय होतं? मुलगा त्या उतारांवर, आमच्या डोळ्यांसमोर, बेताच्या वेगात गाडी चालवायला शिकला आणि तशी दुसरी जागा आम्हाला जवळपास नाही, ती लांब वाळवंटात आहे. आणि कमी खर्चात किनारा मिळण्याची सोय जपावी, असं राज्याच्या किनारा कायद्यातच म्हटलं आहे. ते कलम तुम्ही शोधून दिलंत. मी तेवढंच बोलले.

पण ज्यासाठी मी तुमचे सगळ्यांत जास्त आभार मानते ते त्याच अंगणात, नंतरच्या बैठकीत घडलं. तुम्ही निपोमो मेसावर राहणाऱ्या आपल्याच एका ताईंना बोलावलंत. आमच्यातल्या काहींना ते अजिबात रुचलं नाही. कारण मेसा म्हणजे विरोधकांचं घर. ड्यून्सवरून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट वाटेवर ती वस्ती आहे. ताई दम्याच्या. त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांनी मोबाइलवर एअर डिस्ट्रिक्टचा, म्हणजे काउंटीच्या हवा-प्रदूषण खात्याचा, एका एप्रिलमधल्या दिवसाचा हवेतल्या धुळीचा आलेख उघडून टेबलावर ठेवला. सकाळभर रेघ तळाला झोपलेली, दुपारी एकच्या सुमाराला वायव्येचा वारा सुटल्यावर ती कड्यासारखी उभी चढलेली आणि अंधार पडता पडता परत खाली. "या वेळात मी खिडक्या लावून आत बसते. वसंत ऋतू म्हणजे माझ्यासाठी हे," एवढंच त्या म्हणाल्या. तुमचा त्यांच्याशी आधीपासून संबंध होता हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

नंतर धुळीचं शास्त्र तुम्ही सांगितलंत. जोराच्या वाऱ्यात वाळूचे कण उड्या मारत जातात, पडताना आपटतात आणि बारीक धूळ उधळतात. हे निसर्गातही होतं. पण चाकांखाली झाडोरा नाहीसा होतो, वरचा थर मोडतो आणि उघडी वाळू जास्त उधळते. काउंटीच्या एअर डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये धुळीचा नियम केला, २०१८ मध्ये राज्य उद्यान खात्याला धूळ निम्म्यावर आणण्याचं बंधन घातलं, आणि त्यातून किनाऱ्यालगतच्या ४८ एकरांवर कुंपण घालून पेंढा पसरून झाडं लावण्यात आली. त्या ४८ एकरांत आमची नेहमीची तंबूची जागा गेली. तेव्हा कुरकुर करणाऱ्यांना तुम्ही सरळ विचारलंत, "ताईंना श्वास घेता यावा म्हणून एवढी जागा सोडणार की नाही?" कुणी नाही म्हणालं नाही. माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. ज्याला ड्यून्सवर वाहनांची वाट हवी त्याने आधी कुंपणं, झाडं आणि वाऱ्याच्या दिवसांचे निर्बंध यांच्या बाजूने उभं राहायला हवं. सगळीच्या सगळी वाळू मागणाऱ्यांचं आणि एक चाकही नको म्हणणाऱ्यांचं एकमेकांशी कधी जमणार नाही. मधल्या जागेवर बसून बोलणारी माणसं हवीत आणि ती फार कमी आहेत.

पक्ष्यांच्या बाबतीत मला पटवायची गरज पडली नाही. मी दापोलीकडची. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी कासवांची घरटी गावाला हाताशी धरून जपली, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि कर्दे-मुरुडच्या वाळूत हौसेने घातलेल्या, भरतीत अडकलेल्या पर्यटकांच्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. तिकडे वाहनं किनाऱ्यावर नकोतच, असं मी आजही म्हणेन. तिथे मोजणी नाही, आखलेली वाट नाही, देखरेख करणारं कुणी नाही. ओशियानोला यातलं सगळं आहे आणि त्याचे पैसे आम्ही चालवणारेच इंधन-करातून आणि नोंदणी-शुल्कातून भरतो. इथला स्नोई प्लोव्हर हा छोटा किनारपक्षी १९९३ पासून संरक्षित यादीत आहे. तो वाळूत बोटभर खळगा करून अंडी घालतो, आणि ती अंडी वाळूच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. समोर असूनही दिसत नाहीत. १ मार्च ते ३० सप्टेंबर त्याचा विणीचा हंगाम. त्याच्या घरट्यांभोवतीच्या कुंपणाच्या दोरीला हात लावलेला तुम्हाला खपत नाही. एकदा एका धिप्पाड माणसाला तुम्ही इतक्या शांतपणे मागे फिरवलंत की तो जाताना सॉरी म्हणून गेला.

आणखी एक. नॉर्दर्न चुमाश या इथल्या मूळच्या आदिवासी लोकांसाठी ही भूमी पूर्वजांची, पवित्र आहे आणि त्यांची बरीच मंडळी झूमवरच्या सुनावणीत वाहनांच्या विरोधात बोलली. ते बोलत असताना आवाज बंद करून चहा करायला उठू नका, असं तुम्ही आम्हाला आधीच बजावलं होतं. आम्ही बसून ऐकलं. त्याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही.

सुनावणी झूमवर दिवसभर चालली आणि शेवटी आयोगाने एकमताने बंदीच्या बाजूने कौल दिला. त्या रात्री तुमचा फोन आला. निकालावर तुम्ही फार बोलला नाहीत, माझ्या मुलाशी बोललात. तो रडत होता. फ्रेंड्स ऑफ ओशियानो ड्यून्स ही वाहनवाल्यांची संस्था कोर्टात गेली, आणि जुलै २०२३ मध्ये सॅन लुईस ओबिस्पोच्या कोर्टाने म्हटलं की आयोगाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन ही बंदी घातली. पुढे अपील झालं. आपल्या गटात फटाके उडवायची भाषा सुरू झाली, तर तुम्ही मेसावरच्या ताईंना फोन करून सांगितलंत की झाडं लावण्याचं काम या निकालाने थांबणार नाही, आम्ही थांबू देणार नाही. काका, जिंकल्याच्या दिवशी समोरच्याच्या घरी फोन करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

तुमच्या त्या लोहचुंबकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. लांब दांडीला बांधलेला चुंबकाचा पट्टा, खाली दोन छोटी चाकं. लोक पॅलेटची लाकडं जाळतात आणि त्यातले खिळे राखेत, राखेतून वाळूत जातात. पुढच्या आठवड्यात कुणाचं टायर, कुणा लहान पोराचा पाय. सकाळी सगळे झोपलेले असताना तुम्ही विझलेल्या शेकोट्यांवरून तो पट्टा फिरवत जाता आणि खिळ्यांनी केसाळ झालेला पट्टा पोरांसमोर धरून ते एकेक करून कॉफीच्या डब्यात टाकायला लावता. तुम्ही हे काम कुणी सांगितलं म्हणून करत नाही आणि कुणी पाहतंय म्हणूनही नाही.

गेल्या वेळी तुम्ही गुडघा धरून ट्रकच्या पायरीवर बसलेले दिसलात. म्हणून आम्ही आपसांत ठरवलं आहे आणि तुम्हाला विचारायच्या भानगडीत पडलेलो नाही. येत्या हंगामापासून चुंबक आमच्याकडे. पोरांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत, पहिली माझ्या मुलाची. आयोगाचे, उद्यान खात्याचे कागद आले की ते मी वाचून खुणा करून ठेवीन, तुम्ही फक्त तपासा. आणि ताईंना विचारून पुढच्या वेळी झाडं लावण्याचा दिवस नक्की केला आहे. तिथे मात्र तुम्ही हवेत. खुर्ची आम्ही आणू, काकूंसाठीही. जेवण माझ्याकडून: भाकरी, पिठलं, ठेचा. शाल आणणार नाही, हा शब्द देते.

तुमची,
सांता मारिया शहरातली लेक