प्रवासाहून परतल्यावर उशिरा येणारा मलेरिया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात पुण्यात कुणाला ताप आला की डेंगी किंवा चिकुनगुनियाच, असे धरून चालण्याची आपल्याला सवय झाली आहे. मी शहरातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तपासणीच्या चिठ्ठीवर बहुधा ‘ताप, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), डेंगी’ एवढेच लिहिलेले असते आणि प्लेटलेट कमी आल्या की डेंगीचा संशय बळावतो. वास्तविक मलेरियातही प्लेटलेट अनेकदा घसरतात. रुग्ण कंपनीच्या कामासाठी नायजेरिया किंवा युगांडात, अथवा आपल्याच गडचिरोलीत, म्हणजे मलेरिया असलेल्या भागात राहून आला आहे, हे मात्र चिठ्ठीवर क्वचितच आढळते.

यात रुग्णाचाही दोष नाही, कारण परतून बरेच दिवस झालेले असल्याने त्या प्रवासाचा या तापाशी संबंध असेल असे त्याच्या मनातही येत नाही. डास चावल्यापासून लक्षणे दिसायला किमान सात दिवस लागतात. आफ्रिकेत प्रामुख्याने आढळणारा, जिवावर बेतू शकणारा फाल्सिपेरम मलेरिया बहुधा महिनाभरात डोके वर काढतो, तरी परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत तो विसरून चालत नाही. व्हायवॅक्स आणि ओव्हेल या जातींचे परजीवी तर यकृतात सुप्त राहतात आणि कित्येक महिन्यांनी, प्रसंगी वर्ष उलटल्यावरही, ताप आणतात.

प्रतिबंधक गोळ्या घेतल्या होत्या, एवढ्यावर निर्धास्त राहणेही बरोबर नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन परतल्यानंतरही चार आठवडे घ्यावे लागते. घरी पोहोचताच गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात. शिवाय यकृतातील सुप्त परजीवींवर या गोळ्या चालत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन लागते आणि तेही जी-सिक्स-पीडी (रक्तपेशींतील एक विकर, म्हणजे एन्झाइम) तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

म्हणून शहरातील दवाखान्यांनी आणि महापालिकेच्या रुग्णालयांनी केसपेपरवर ‘गेल्या वर्षभरात कुठे प्रवास केला?’ असा रकाना छापावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. कर्मचाऱ्यांना बाहेर धाडणाऱ्या कंपन्यांनीही परतीच्या वेळी त्यांना ही माहिती लेखी द्यावी. प्रवासाचा इतिहास असेल तर रक्ताची एक काचपट्टी निगेटिव्ह आली म्हणून थांबू नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घेऊन नवी काचपट्टी तपासावी, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही. फाल्सिपेरमचा रुग्ण उपचारांअभावी एका दिवसातही अत्यवस्थ होऊ शकतो, तेव्हा प्रवासाबद्दलची ही विचारणा पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

आपला,
एक लॅब तंत्रज्ञ, पुणे