पेटंटच्या बातमीआधी पेटंटचा शोध

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना पेटंट मिळाल्याच्या बातम्या सर्वच वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर आता नित्याच्या झाल्या आहेत. शाल-श्रीफळासह छायाचित्रही असते. कौतुक व्हावे यात वाद नाही. परंतु यांतील कित्येक बातम्या नीट वाचल्या, तर पेटंट मिळालेले नसून केवळ अर्ज प्रसिद्ध झालेला आहे, किंवा वस्तूच्या बाह्य रूपाची, म्हणजे डिझाइनची, नोंदणी झाली आहे, असे ध्यानात येते. हा फरक वार्ताहराला आणि वाचकालाही घरबसल्या, एक रुपयाही न देता तपासता येतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

१९७० च्या पेटंट कायद्यानुसार दाखल झालेला अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर शुक्रवारी निघते. जादा शुल्क भरून लवकर प्रसिद्धीची मागणी केली, तर हेच काम महिन्याभरात होते आणि नेमकी याच टप्प्यावर आपल्याकडे पेढे वाटले जातात. वास्तविक तोपर्यंत अर्जाची गुणवत्ता कोणीही तपासलेली नसते. परीक्षणासाठी वेगळी मागणी करावी लागते; त्यानंतर परीक्षक जगभरातील जुने दस्तऐवज धुंडाळून आपला पहिला अहवाल देतो, अर्जदार त्याला उत्तर देतो, आणि शोध नवा, जाणकाराला सहज सुचणार नाही असा व उद्योगात वापरण्याजोगा ठरला तरच पेटंट मिळते. त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे. डिझाइनची नोंदणी २००० च्या निराळ्या कायद्याखाली होते आणि तिने यंत्राच्या कार्यपद्धतीला कोणतेही संरक्षण मिळत नाही. ब्रिटनच्या डिझाइन नोंदणीचा हल्ली फार गाजावाजा होतो. तेथे तर नोंदणीपूर्वी नावीन्याची तपासणीच होत नाही.

पडताळणीसाठी भारतीय पेटंट कार्यालयाची ‘इनपास’ ही शोधसुविधा सर्वांना खुली आहे. अर्जाचा क्रमांक बारा अंकी असतो. पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा अंक कार्यालयाचा, सहावा अर्जाच्या प्रकाराचा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयात जातात व त्याचा अंक २ आहे, म्हणून २०२४ साली आपल्या भागातून दाखल झालेल्या साध्या अर्जाचा क्रमांक २०२४२१ ने सुरू होईल. हा क्रमांक टाकला की अर्जाची सद्यःस्थिती दिसते. परीक्षण झाले असेल, तर परीक्षकाचा अहवाल आणि अर्जदाराचे उत्तरही वाचता येते. माझ्या मते या सुविधेतील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे हे अहवाल होत. आपल्या कल्पनेशी मिळत्याजुळत्या एखाद्या अर्जाचा अहवाल सापडला, तर कोणते जुने दस्तऐवज आडवे येतात याची यादी जाणकाराने आयती करून ठेवलेली मिळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बातमीची शहानिशा हा या साधनांचा अगदी किरकोळ उपयोग झाला. कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीतील वर्कशॉपवाल्याला यंत्राला हात घालण्यापूर्वी त्यांचा खरा उपयोग आहे. ऊसतोडणीच्या टोळ्या वेळेवर मिळत नाहीत, मोठे हार्वेस्टर आपल्या लहान तुकड्यांत वळत नाहीत, म्हणून छोटे तोडणी यंत्र बनवण्याचा प्रयत्न आपल्याकडे सतत होत असतो. अशा कारागिराने गुगल पेटंट्सवर ‘शुगरकेन हार्वेस्टर’ एवढेच शब्द टाकले, तर हाती गवताच्या गंजीइतके निकाल येतील आणि तरीही नेमके हवे ते निसटेल, कारण पेटंट लिहिणारे साधी नावे टाळतात. यंत्राला ते ‘देठ कापण्याचे उपकरण’ असेही म्हणतील. त्यावर उपाय वर्गीकरणाचा. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणात सर्व तंत्रज्ञान ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ विभागांत मांडलेले आहे आणि ऊसतोडणीला ए०१डी ४५/१० असा स्वतंत्र क्रमांक आहे. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ‘एस्पासनेट’ या मोफत संचात १५ कोटींहून अधिक दस्तऐवज आहेत. तेथे हा क्रमांक टाकून त्याला पाचट काढणे, वाढे छाटणे, बुडख्यापाशी कापणे अशा कृतींचे इंग्रजी शब्द जोडावेत. शब्दाच्या मुळापुढे तारांकित चिन्ह दिले, की त्याची सर्व रूपे शोधली जातात. जो दस्तऐवज जवळचा वाटेल त्याने कोणाचे हवाले दिले आणि पुढे त्याचे हवाले कोणी दिले, हे दोन्ही दिशांनी पाहत गेले म्हणजे शब्दांनी न सापडलेली यंत्रेही समोर येतात. चिनी किंवा जपानी मजकुराचे यांत्रिक भाषांतर तेथेच मिळते आणि यंत्राच्या बाबतीत निम्मे काम आकृत्याच करतात. भारतीय अर्जांसाठी मात्र इनपासवरच भिस्त ठेवावी.

शोध पेटंटच्या संचांपुरताच ठेवून चालत नाही, हे तर हळदीची पेठ असलेल्या सांगलीला सांगायला नको. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मार्च १९९५ मध्ये दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. त्या वेळी कामी आलेल्या पुराव्यांत जुना संस्कृत ग्रंथ होता, तसाच भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही होता.

सापडलेल्या माहितीचे विश्लेषण करताना दोन गफलती हमखास होतात. एकाच शोधाचे अर्ज अनेक देशांत केलेले असतात; ते एका कुटुंबाचे म्हणून एकत्र न मोजल्यास संख्या फुगते. दुसरे असे की, शेवटच्या दीड वर्षातील अर्ज अजून प्रसिद्धच झालेले नसल्यामुळे प्रत्येक आलेख अखेरीस खाली उतरतो, आणि त्यावरून ‘या क्षेत्रात आता कोणी काम करत नाही’ असा निष्कर्ष प्रकल्प अहवालांत बिनदिक्कत काढला जातो.

आपल्या कारखानदारांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पेटंटचा अंमल देशापुरता असतो. ब्राझील किंवा ऑस्ट्रेलियात घेतलेले आणि भारतात न घेतलेले पेटंट येथे यंत्र बनवण्याच्या आड येत नाही; ते यंत्र त्या देशात विकायला नेले, तरच प्रश्न उभा राहतो. मुदत संपलेले तंत्र सर्वांना मोकळे असते. वार्षिक शुल्क न भरल्यानेही पेटंट रद्दबातल होते, मात्र असे पेटंट १८ महिन्यांच्या आत अर्ज करून पुन्हा जिवंत करता येते, तेव्हा तेथे घाई करू नये. भांडवल गुंतवण्यापूर्वी पेटंट एजंटाचा सल्ला घ्यावाच. पण प्राथमिक शोध स्वतः करून गेलेल्या माणसाचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

म्हणून दोन विनंत्या. आपल्या वृत्तपत्राने पेटंटच्या प्रत्येक बातमीत अर्जाचा किंवा पेटंटचा क्रमांक आणि सद्यःस्थिती छापण्याचा दंडक घालावा. क्रमांक दिला नाही, तर बातमी थांबवावी. दुसरी विनंती सांगली, इस्लामपूर, कराड आणि सातारा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांना. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मंजूर करताना विद्यार्थ्यांकडून पेटंट शोधाचा लेखी अहवाल घ्यावा, आणि आठवड्यातून एक दुपार ग्रंथालयातील संगणक परिसरातील कारागिरांसाठी खुले ठेवून त्याच विद्यार्थ्यांना मदतीला बसवावे. अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी पेटंट कार्यालयाची बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात, नागपुरात आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे प्रकल्प ठरण्याआधी तिच्याशी पत्रव्यवहार झाला, तर पहिली तुकडी याच वर्षी तयार होऊ शकेल.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक,
विश्रामबाग, सांगली