अकरा महिन्यांचा बाँड वादात टिकत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जून लागला की तालुक्याच्या गावी खोल्या शोधणाऱ्यांची रीघ लागते. बदलून आलेले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी, स्पर्धा परीक्षेची पोरं. घरमालक पाचशेचा बाँड आणतो, अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरीचा शिक्का घेतो आणि निश्चिंत होतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. अकरा महिन्यांनाही सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा फटका वादात बसतो. भाडं आणि अटी काय ठरल्या होत्या, यावर भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, खोडून काढायचं ते मालकानं.

खर्च म्हणाल तर किरकोळ. 3,000 भाडं, 10,000 परतीचं डिपॉझिट धरा. अकरा महिन्यांचं भाडं 33,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दरानं धरलेलं व्याज 917. या 33,917 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, हिशेबानं 85 रुपयांच्या आसपास येतं. ग्रामीण हद्दीत नोंदणी फी 500.

नोंदणी ऑनलाइन होते, पण शेतात राबलेला अंगठा मशीन घेत नाही. तेव्हा सरळ दुय्यम निबंधकाकडे जावं. त्याहून मोठा घोळ नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा. घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि करार करतो थोरला. धाकट्यानं हरकत घेतली की भाडेकरू मधल्यामध्ये लटकतो. आधी वारसनोंद करा, नाहीतर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या.

आधारची झेरॉक्स फाइलला लावली म्हणजे चौकशी झाली नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपनं स्कॅन करून नाव-फोटो जुळवा. आधीच्या घरमालकाला फोन लावून लाइट बिल बाकी ठेवलं होतं का, एवढं विचारा. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, खेड्यात पोलीस पाटलाच्याही कानावर घाला. ठेकेदार मजुरांसाठी घर घेत असेल तर करार त्याच्याच नावानं करा आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव सोबत जोडा. 'दहा जण' असं मोघम लिहिलं की महिन्याभरात अठरा होतात.

बऱ्याच घरी मात्र पहिला प्रश्न आडनावाचा असतो. ही चौकशी नव्हे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला वस्तीत राहू न देणं हा नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955 च्या कलम 4 खाली गुन्हा आहे.

भाडं घेतलं की पावती द्यावीच लागते. थकलं म्हणून नळ तोडायला, वायर काढायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नं मनाई आहे. महावितरणच्या बिलाची धास्ती असेल तर सबमीटर लावा आणि पहिलं रीडिंग करारातच लिहा.

आपला,
एक दस्तलेखक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ