जुनी पैठणी तराजूवर घालू नका, विकायचीच तर नीट बोली लावून विका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून "जुनी जरी, पैठणी, शालू, पीतांबर रोखीने घेऊ" म्हणणारी मंडळी परत सगळीकडे दिसायला लागलीत, छोट्या जाहिरातींत, व्हॉट्सअॅपवर, कधी थेट दारावर पण. त्यांचा हिशोब अगदी सरळ असतो. साडी काट्यावर टाकायची, वजन बघायचं, ठरलेल्या भावाने पैसे द्यायचे आणि नंतर काठ-पदर कापून जाळायचे, कारण जुन्या अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा, ते जाळलं की धातू हाताशी येतो. विणकराने महिनोन्महिने मागावर बसून काढलेली मुनिया, आसावली, बांगडी-मोर अशी नक्षी, तिची किंमत त्या हिशोबात शून्य. मला याचा मनापासून त्रास होतो म्हणून हे पत्र लिहितेय.

विकूच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. घरं लहान झालीत, नऊवारी कुणी नेसत नाही, पैशाची नड असते, ट्रंकेत पडून घडीवर विरून जाण्यापेक्षा जपणाऱ्या माणसाकडे गेलेली बरी. फक्त कपडा म्हणून विका, धातू म्हणून नको. आता ऑनलाइन लिलाव आहेत, मुंबईतली सॅफ्रनआर्ट, अस्तागुरूसारखी लिलावघरं आहेत, जुन्या साड्या गोळा करणारे लोक आहेत, आणि घेणारे दोघं-तिघं एकाच वेळी समोर आले की भाव वजनावर ठरत नाही.

पण आधी आपल्याकडे नक्की काय आहे ते कळायला हवं. पदर उलटा करून बघा. हाताने विणलेल्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत, लोंबत असतील किंवा कातरलेले दिसत असतील तर ते ब्रोकेड आहे, म्हणजे जास्तीचा धागा घालून नक्षी काढलेलं कापड. जरी खरी का ते बघायला काठाचा धागा ओढून काडीने जाळू नका, सराफाकडे दागिना न घासता तपासायचं मशीन असतं त्यावर काठ ठेवला तरी चांदी आहे का तांबं ते कळतं. आणि विकायच्या आधी ड्रायक्लीनला देऊ नका, इस्त्री नको, काळी पडलेली जरी घासून चमकवू नका. जाणकार गिऱ्हाईकाला काळी जरी चालते, घासलेली नाही चालत.

दुसरी गोष्ट म्हणजे कागद. पैठणीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आज येवल्याहून किंवा पैठणहून नवीन साडी घेतली तर लेबल, सर्टिफिकेट मागता येतं, पण पणजीच्या साडीला असलं काही नसतं. तिथे घरातला पुरावाच कामाला येतो, लग्नातला फोटो ज्यात तीच साडी नेसलेली दिसतेय, दुकानाची पावती, रुखवताची यादी, एखादं पत्र. मरिलिन मन्रोने १९६२ मध्ये केनेडींच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात घातलेला ड्रेस १९९९ च्या लिलावात साडेबारा लाख डॉलरच्या वर गेला आणि २०१६ मध्ये तोच ४८ लाख डॉलरला, कारण कोणी, कधी, कुठे घातला हे सगळ्या जगाने पाहिलेलं. आपल्या साडीचं नाव तेवढं मोठं नसेल पण नियम तोच आहे. फक्त जुना फोटो लिस्टिंगला टाकताना घरातल्यांची पूर्ण नावं, पत्ता, फोन नंबर टाकू नका, ते घेणाऱ्याला नंतर वेगळं देता येतं.

आता वयाबद्दल, कारण इथे चांगली शिकलेली माणसंही अडकतात. भाव यावा म्हणून सर्रास लिहितात, "दोनशे वर्षं जुनी, पेशवाईतली". एक तर ते सिद्ध करावं लागतं आणि दुसरं म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबाने हौसेने बोली लावली, जिंकली, तरी ती पार्सलने जाऊ शकत नाही आणि "माझी बहीण येणारच आहे, ती बॅगेत घालून नेईल" हाही मार्ग नाही, बॅगेतून नेणं म्हणजेही निर्यातच. साडी शंभरच्या आतली आहे पण दिसायला जुनी वाटतेय तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. तेव्हा जे माहिती आहे तेवढंच लिहा, "आजीच्या लग्नातली, १९४० च्या आसपासची" एवढं खरं वाक्य पुरतं.

फसवणुकीचे प्रकार तर विचारू नका. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी शालू विकायला टाकला, तासाभरात फोन, समोरचा म्हणे मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, साडी न बघताच घेतो, अॅडव्हान्स पाठवतो हा क्यूआर कोड स्कॅन करा. काकूंनी स्कॅन केला, पिन टाकला, पैसे यायच्या ऐवजी गेले. हे शंभर वेळा छापून आलंय तरी परत लिहितेय कारण अजून लोक फसतायत, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. पैसे आले म्हणून स्क्रीनशॉट किंवा मेसेज दाखवला तर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये बॅलन्स बघा आणि मगच साडी हातातून सोडा. कोणी "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" किंवा "कुरिअरच्या विम्याचे आधी भरा, नंतर परत मिळतील" म्हणालं की तिथेच बोलणं बंद. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेला कळवा, जितक्या लवकर तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

याहून वाईट एक प्रकार आहे ज्याबद्दल फार कोणी बोलत नाही. घेणारा साडी मागवतो, "वर्णनाप्रमाणे नाही" म्हणून परत करतो आणि परत येते ती दुसरीच साडी, किंवा आपलीच पण पदर बदललेली. म्हणून फोटो दिवसाउजेडात काढा, दोन्ही बाजूंचे, जिथे विरलंय, डाग आहे, रफू आहे तिथले जवळून, लपवू नका. त्यातला एखादा फोटो, उदाहरणार्थ काठाच्या आतल्या बाजूची एखादी खास गाठ, कुठेही टाकू नका, स्वतःकडे ठेवा, ओळख पटवायला तो कामी येतो. बाकीच्या फोटोंवर आपलं नाव टाका नाहीतर तेच फोटो वापरून कोणीतरी भलत्याच पेजवर तुमचीच साडी विकायला काढतो. पॅकिंगचा सलग व्हिडिओ करा आणि कुरिअरवाल्याची जबाबदारी किती रुपयांपर्यंत आहे ते पावतीच्या मागे वाचा, बऱ्याचदा रक्कम इतकी कमी असते की साडीच्या किमतीशी तिचा काही संबंध नसतो, मग विमा वेगळा काढावा लागतो. शक्य असेल तर समोरासमोर बँकेत व्यवहार करा, घरी बोलावू नका.

लिलावघराला देत असाल तर सह्या करायच्या आधी रिझर्व्ह प्राइस, म्हणजे ज्याच्या खाली विकायची नाही ती किंमत, किती ठेवणार, कमिशन किती, फोटो आणि विम्याचा खर्च कोणाचा, आणि विकली गेली नाही तर परत आणायचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. साडी ताब्यात देताना तिच्या अवस्थेची नोंद असलेली पावती घेतल्याशिवाय निघू नका.

आता दोन मागण्या. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, जुनं वस्त्र ओळखणारी माणसं अशा ठिकाणी असतात. त्यांनी वर्षातून एखादा दिवस लोकांना आपल्या घरच्या साड्या, शेले, पागोटी घेऊन बोलवावं, किंमत सांगू नये, फक्त हे काय आहे आणि साधारण कधीचं आहे एवढं सांगावं, तेवढ्याने कितीतरी साड्या भट्टीत जायच्या वाचतील. आणि आपल्या वर्तमानपत्राला विनंती आहे की "जुनी जरी घेऊ" अशा जाहिराती छापताना देणाऱ्याचं नाव-पत्ता तपासून घ्या आणि त्याच पानावर १९३० हा नंबर ठळक छापा.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे