घाम गाळला म्हणून नृत्य खेळ ठरत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नृत्याचा समावेश शालेय क्रीडाप्रकारांत करावा, अशी मागणी करणारी दोन-तीन पत्रे अलीकडे आपल्या वाचकपत्रांच्या सदरात वाचली. मी बत्तीस वर्षे नागपुरात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांबाच्या स्पर्धांत पंच म्हणून बसलो, आणि मुलगी कथ्थक शिकत असल्यामुळे घरात घुंगरांचा आवाजही वर्षानुवर्षे ऐकला. त्यामुळे या मागणीला माझा पाठिंबा असेल, असे कुणालाही वाटावे. मला ती मागणी चुकीची वाटते; तिच्या मुळाशी असलेली तक्रार मात्र रास्त आहे.

पत्रलेखकांचा मुख्य मुद्दा श्रमाचा आहे. एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून अर्धा-पाऊण तास तत्कार (तालावर पायांचे आघात) करणाऱ्या, लागोपाठ चक्करे घेऊन नेमके समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थांबणाऱ्या मुलीची दमछाक धावपटूपेक्षा कमी नसते, हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे आणि त्याबद्दल वाद नाही. परंतु श्रम ही खेळाची कसोटी आहे, हे कुणी ठरवले? जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली दिव्या देशमुख आपल्याच शहराची. ती पटासमोर बसून खेळते आणि बुद्धिबळाला खेळ म्हणायला आपण क्षणभरही कचरत नाही. उलट भंडारा-गोंदियाकडे दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बायकांच्या कमरेचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, पण रोवणीला कुणी क्रीडाप्रकार म्हटलेले नाही. घामावरून खेळ ओळखता येत नाही. खेळ ओळखता येतो तो निकालावरून: निकाल कशावर ठरणार हे दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेले असते, आणि निकाल लागलाच नाही तर ज्यासाठी सारे जमले ते घडलेलेच नसते. वसंतराव देशपांडे सभागृहातला नृत्याचा कार्यक्रम मात्र कुणीही जिंकल्याशिवाय पूर्ण होतो.

यावर जिम्नॅस्टिक्सचे उदाहरण दिले जाईल, याची मला कल्पना आहे, कारण तेथेही पंचच गुण देतात आणि तेथेही सौंदर्य पाहिले जाते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने योगासनांना स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली, हेही सांगितले जाईल. मात्र पंचाच्या खुर्चीतून दिसणारे चित्र थोडे वेगळे असते. जिम्नॅस्टिक्समध्ये कोणत्या उडीची काठिण्यपातळी किती हे आधीच छापलेले असते, आणि पाय वाकला, तोल गेला, पाऊल रेषेबाहेर पडले की किती गुण वजा करायचे हेही ठरलेले असते. एक साधी गोष्ट पाहावी. महिलांची फ्लोअर एक्सरसाइज संगीतावर होते, पुरुषांची संगीताशिवाय होते, आणि तरीही दोन्ही एकाच खेळाचे प्रकार म्हणून बिनदिक्कत चालतात, कारण तेथे संगीत काढून घेतले तरी मोजण्यासारखे पुष्कळ उरते. कथ्थकमधून ताल काढून घ्या. सम कुठे आहे हेच कळेनासे होईल आणि तिहाईला, म्हणजे तीनदा घेऊन समेवर संपणाऱ्या बोलांना, अर्थ राहणार नाही.

नृत्याला खेळ बनवण्याचा सर्वांत मोठा आणि, मी म्हणेन, प्रामाणिक प्रयोग पॅरिसला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ब्रेकिंग’ हा रस्त्यावर जन्मलेला नृत्यप्रकार प्रथमच मुख्य ऑलिंपिकमध्ये आला. नऊ पंच होते, तंत्र, शब्दसंग्रह (हालचालींचे वैविध्य), सादरीकरण, संगीताची जाण आणि स्वतंत्रता (स्वतःचे वेगळेपण) असे पाच निकष होते, आणि कोणते संगीत वाजणार हे नर्तकांना आधी माहीत नव्हते. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदके जिंकली. जगाच्या स्मरणात मात्र राहिली ती ऑस्ट्रेलियाची रेचल गन, जिला तीन लढतींत एकाही पंचाचे एकही मत मिळाले नाही. आपण वेगळे काही करून पाहिले, असे तिचे म्हणणे होते. जगाने तिची टिंगल केली. तिचे नृत्य मलाही आवडले नाही. पण शून्य हा आकडा कबड्डीच्या सामन्यात जे सांगतो ते नृत्यात सांगत नाही, आणि स्वतंत्रतेला गुण ठेवणाऱ्या पद्धतीत तर त्याचा अर्थ लावणे आणखी अवघड होते. पुढच्या म्हणजे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग नाही. तो निर्णय पॅरिसच्या आधीच झालेला होता, त्यामुळे त्याचे खापर त्या बाईंच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. (जाता जाता: १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये साहित्य, संगीत, चित्रकला, शिल्प आणि वास्तुकलेलाही पदके दिली जात होती. त्यामुळे कविता हा खेळ झाला नाही.)

आपल्या परंपरेने नृत्त आणि नृत्य असा भेद फार पूर्वी केलेला आहे. नृत्त म्हणजे ताल-लयीवर चालणारी शुद्ध अंगक्रिया. तिच्यात भाव आणि अर्थ आला की ते नृत्य. नृत्ताचे मोजमाप बऱ्याच अंशी होऊ शकते, हे मी पंच या नात्याने मान्य करतो. नृत्याचे काय होते, हे मात्र मी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय नृत्यस्पर्धेला एक परीक्षक आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून आयोजकांनी मला बसवले. हातात रकाने आखलेला कागद होता. सातवी-आठवीतल्या एका मुलीने बसल्या जागी यशोदा उभी केली. लोणी लपवणाऱ्या कृष्णाला तिने पाहिले, रागावू की नको असा विचार केला आणि हसली. तीन-चार मिनिटांत तिने जागासुद्धा सोडली नाही. मी ‘कौशल्य’ या रकान्यात दहापैकी चार गुण लिहिले, कारण त्या रकान्यात काय पाहायचे ते मला मैदानावरून ठाऊक होते. पहिला क्रमांक कोलांटउड्या मारणाऱ्या एका गटाला गेला. त्या गटाचे नाव आज मला आठवत नाही. त्या मुलीचे हसणे आठवते, आणि ते चार गुणही.

शिवाय सगळे नृत्य रंगमंचावरचे नसते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गोंड आणि कोलाम वस्त्यांतला ढेमसा गोल धरून नाचला जातो. त्याला समोर बसलेला प्रेक्षकही लागत नाही, मग पंच कुठे बसवणार? अशा नृत्यांची स्पर्धा लावली की पाच मिनिटांची मर्यादा येते, एकसारखे पोशाख येतात आणि गोल मोडून परीक्षकांकडे तोंड केलेली ओळ होते. हे मी युवक महोत्सवांत पाहिलेले आहे.

आता तक्रारीकडे येतो. खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरावासाठी मानकापूरचे विभागीय क्रीडा संकुल आहे. शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात, परंतु नोकरीतल्या आरक्षणासारखे काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे पालकांना ‘खेळ’ हा शिक्का हवासा वाटला तर त्यांना दोष देता येणार नाही. पण शिक्क्यासाठी वस्तूच बदलायची का? कलाकारांना काही हवे असेल तर ते कलाकार म्हणून मागावे.

आणि सर्वांत तातडीचे मागणे तर अगदी किरकोळ आहे. आपल्या शहरातले बहुतेक नृत्यवर्ग फरशीवर किंवा सिमेंटच्या गच्चीवर चालतात. अशा टणक जमिनीवर रोज तासभर पाय आपटले की नडगी आणि गुडघे दुखू लागतात. माझ्या मुलीने कथ्थकच्या विशारद परीक्षेची तयारी करताना दोनदा सराव थांबवला तो याच कारणाने. लाकडी जमीन, सरावाआधी शरीर तापवण्याची दहा मिनिटे आणि दुखापत झाल्यावर फिजिओथेरपिस्टचा सल्ला, एवढे आम्ही कबड्डीच्या मुलांना नेमाने सांगत आलो. नाचणाऱ्या मुलींना ते कुणी सांगितले नाही. ज्या शाळेतून मी निवृत्त झालो तेथे जिम्नॅस्टिक्ससाठी केलेली लाकडी जमिनीची खोली आहे, आणि दुपारी चारनंतर तिला कुलूप असते. त्याच आवारात, पन्नास पावलांवर, कथ्थकचा वर्ग व्हरांड्यातल्या फरशीवर भरतो. नृत्य हा खेळ नाही म्हणून ती खोली देता येत नाही, असे उत्तर मी स्वतः ऐकलेले आहे. त्या खोलीची किल्ली संध्याकाळी नृत्यशिक्षिकेकडे द्यावी, एवढे लेखी पत्र मी व्यवस्थापनाला दिले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक,
महाल, नागपूर