उत्तर बरोबर असूनही उडी चुकते तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत अधूनमधून कॉम्प्युटर गेमच्या शिफारशी येतात. उड्या मारत कोडी सोडवायच्या गेमना पझल-प्लॅटफॉर्मर म्हणतात. त्यांच्यापुढे हटकून एकच वाक्य असते: ‘लहानथोरांनी मिळून खेळावा असा’. या वाक्यावरून घरातल्यांना काहीच ठरवता येत नाही. वयाच्या शिक्क्यावरूनही फारसे कळत नाही. युरोपात 2003 पासून चालू असलेली पेगी ही पद्धत गेमना 3, 7, 12, 16 आणि 18 असे आकडे देते. तो आकडा हिंसा, भीती, भाषा असा आशय पाहून ठरतो. खेळायला किती अवघड, हे त्यात धरलेलेच नसते. म्हणजे 3 चा शिक्का असलेला गेम सात वर्षांच्या मुलाला रडवू शकतो. उलट 2010 चा ‘लिम्बो’ हाताळायला अगदी सोपा आहे, चालणे, उडी आणि ओढणे एवढेच. पण सावल्यांच्या त्या जगात लहान मुलगा सापळ्यांत आणि कोळ्याच्या तावडीत मरतो. तो सगळ्यांसमोर लावण्याचा गेम नव्हे.

आशयाची छाननी कोणीतरी करते. या प्रकारातला खरा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याबद्दल कोणी लिहीत नाही: खेळणारा अडला, तर विचार न सुचल्यामुळे अडला की अंगठा कमी पडल्यामुळे?

एक खोली डोळ्यांपुढे आणा. उजवीकडे तीन चौकोन उंच भिंत, तिच्या माथ्यावर दार. भिंतीच्या अलीकडे दोन चौकोन मोकळी जागा आणि मग जमिनीत एक दाबपट्टी. पट्टीवर वजन असेपर्यंतच दार उघडे राहते. खोलीत पेटी एकच, एक चौकोन उंच. आपल्या पात्राची उडी अडीच चौकोनांची, त्यामुळे जमिनीवरून भिंत चढता येत नाही. पेटी भिंतीला टेकवली तर वर जाता येते, पण पट्टी मोकळी राहते आणि दार बंद होते. पेटी पट्टीवर ठेवली तर दार उघडते, पण आपण खालीच. इथे नातू आणि आजोबा सारखेच अडतात, कारण पायरी भिंतीला लागूनच हवी हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. पेटी पट्टीवरच राहू द्यायची, तिच्यावर चढायचे आणि मधल्या जागेवरून थेट माथ्यावर झेप घ्यायची, हे उत्तर सुचते तो क्षण या खेळांचा प्राण आहे.

आता आकड्यांकडे पाहा. सपाटीवर चार चौकोन लांब जाणारी उडी दोन चौकोनांवर ऐन उंचीला असते. पेटीच्या कडेवरून घेतली तर ती माथ्यापेक्षा अर्धा चौकोन वरून जाते. हा अर्धा चौकोन म्हणजे चुकायला ठेवलेली जागा. तीच उडी बनवणाऱ्याने बरोबर दोन चौकोनच उंच ठेवली तर? मुलाला उत्तर सुचते, ते झेप घेते, पाय कडेला घासतो आणि खाली पडते. पुन्हा एकदा तसेच. तिसऱ्यांदा ते उडी मारतच नाही, परत पेटी ढकलायला जाते. विचार बरोबर होता, पण त्याच्या लेखी तो चूक ठरला. कोड्याच्या गेममध्ये याहून मोठा दोष नाही, आणि तो चित्रे पाहून किंवा जाहिरात वाचून कधीच कळत नाही. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची: जी उडी जमणारच नाही, ती पाहताक्षणी न जमणारी दिसली पाहिजे. चार चौकोनांच्या उडीपुढे सव्वाचार चौकोनांची दरी ठेवली, तर माणूस अर्धा तास तिथेच उड्या मारत बसतो. दरी सहा चौकोनांची असेल तर तो लगेच दुसरी वाट शोधू लागतो.

चांगले गेम हाताला सांभाळून घेतात, आणि हे घरी पाच मिनिटांत तपासता येते. पुष्कळ गेम सेकंदाला 60 चित्रे दाखवतात. पात्र कडेवरून पुढे गेल्यावरही पाच-सहा चित्रांपर्यंत, म्हणजे सुमारे एक दशांश सेकंद, उडीचे बटण मानायचे अशी सोय केलेली असते. बनवणारे तिला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. तपासायचे असेल तर पळत कडेबाहेर जा आणि मुद्दाम जरा उशिरा बटण दाबा. उडी लागली तर सोय आहे. मग उलट करून पाहा: पाय टेकण्याच्या क्षणभर आधी दाबा. ते दाबणे लक्षात ठेवून टेकताच उडी लागली पाहिजे. काट्यांच्या अगदी जवळून जाऊन पाहा. चित्रातल्या टोकाला नुसता स्पर्श झाला की मरण, असे नको. मारणारा भाग चित्रापेक्षा थोडा आत घेतलेला असावा. बटण जास्त वेळ दाबले की उडी उंच जाते का, हेही पाहा. लहान मुले बटण टपकन दाबून सोडतात. त्यांची उडी कायम बुटकीच राहते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

हाताला अवघड असलेला गेमही सर्वांसाठी खुला करता येतो. 2018 चा ‘सेलेस्ट’ उड्यांच्या बाबतीत कठोर आहे, पण त्याच्या मदतीच्या पर्यायात खेळाचा वेग कमी करता येतो, दम न संपणारा करता येतो, मरणच बंद ठेवता येते. असा पर्याय आहे की नाही, हे परीक्षणात एका ओळीत सांगता येईल.

यानंतर येते अडकून बसणे. 1982 मध्ये बाजारात आलेल्या ‘सोकोबान’मध्ये पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेली की ती तिथेच संपली. वरून पाहायच्या त्या गेममध्ये हे चालते, कारण पूर्ण फळा समोर असतो आणि कोपरा दिसतो. उड्यांच्या गेममध्ये पेटी खड्ड्यात पडते, खोलीचा अर्धा भाग पडद्याबाहेर असतो आणि आता कोडे सुटणे शक्यच नाही हे कोणी सांगत नाही. म्हणून एक पाऊल मागे घेण्याची सोय हवी, निदान खोली पुन्हा मांडण्याचे बटण तरी हवे. ते क्षणभर दाबून धरायचे असावे. नुसत्या स्पर्शाने सगळे पुसणारे बटण लहान हातात घात करते. चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर खेळ जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा, त्याच खोलीच्या दारात असावा आणि मेल्यावर दोन-तीन सेकंदांत पुन्हा सुरुवात व्हावी. सुटलेल्या तीन खोल्या पुन्हा सोडवायला लावणारा गेम कोडे विचारत नाही, सहनशक्ती तपासतो. याबाबत आमचे मत ठाम आहे: असा गेम कितीही देखणा असला तरी घरच्यांसाठी म्हणून सुचवू नये.

‘दोघांनी खेळता येतो’ हेही पुरेसे नाही. एकाच पडद्यावर की दोन यंत्रांवर? मागे राहिलेला खेळाडू पडद्याबाहेर गेला की काय होते? तो मरत असेल, तर धाकट्याचा खेळ दहा मिनिटांत आटोपतो. कामे वाटून दिलेली असतील तर गोष्ट वेगळी. 1990 च्या दशकातल्या ‘द लॉस्ट व्हायकिंग्ज’मध्ये एरिक पळतो आणि उडी मारतो, बॅलिओगकडे तलवार आणि धनुष्य, ओलाफकडे ढाल, तिघेही दारापाशी पोचल्याशिवाय लेव्हल संपत नाही. 2017 च्या ‘स्निपरक्लिप्स’मध्ये दोन कागदी आकृत्या एकमेकींना कातरून हवा तो आकार करतात. तिथे बोलल्याशिवाय पान हलत नाही. घरात एकजण सराईत असेल तर कंट्रोलर नवख्याच्या हातात द्यावा आणि सराईताने फक्त प्रश्न विचारावेत: ‘पट्टीवर आणखी काय ठेवता येईल?’ उत्तर सांगितले की त्या खोलीची मजा गेली. ती दुसऱ्यांदा मिळत नाही.

कित्येकदा दोष गेमचा नसतोच. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यानंतर उडी उशिरा दिसते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केला की फरक लगेच जाणवतो. साध्या कीबोर्डवर काही तीन कळा एकदम लागत नाहीत. डावा बाण, वरचा बाण आणि स्पेसबार ही त्यातली नेहमीची जोडणी. डावीकडे पळताना उडी लागत नसेल तर उडी दुसऱ्या कळीवर घ्या. दोघे एकाच कीबोर्डवर असतील तर हे हमखास होते. एकाला कंट्रोलर दिला की प्रश्न मिटतो. लाल पट्टी लाल दाराची, हिरवी हिरव्याची, अशी कोडी असतील तर रंगांसोबत आकार किंवा खूणही आहे ना ते बघा. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्याला ते कोडे सुटणारच नाही.

आमची विनंती एवढीच की शिफारस करताना या गोष्टी नोंदवाव्यात: मागे घेण्याची सोय, चेकपॉइंट कुठे, मदतीचे पर्याय, एका पडद्यावर किती जण, वाचता न येणाऱ्याला खेळता येतो का, आत पुन्हा पैसे मागतो का. ‘बुद्धी तल्लख होते’ असे मात्र कृपया छापू नये. खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो आणि तेवढा आनंद पुरेसा आहे.

लेव्हल बनवण्याची सोय असेल तर तीही आवर्जून सांगावी. 1983 च्या ‘लोड रनर’मध्ये 150 लेव्हल होत्या आणि शिवाय स्वतःच्या लेव्हल बनवण्याचे साधनही होते. 2015 च्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये स्वतः बनवलेली लेव्हल आधी स्वतः पार केल्याशिवाय इतरांना पाठवताच येत नसे. साधन नसेल तर चौकटीची वही चालते: उडी अडीच घरे उंच, चार घरे लांब, पेटी एक घर, असे वर लिहून खोली काढायची आणि वही घरातल्या दुसऱ्याकडे सोडवायला द्यायची.

आपले,
कोड्यांच्या गेमचे काही अभ्यासक